खर्ज आणि खरखर

नवरात्रात नाशिकच्या एखाद्या चौकात वाद्यवृंदाचा कार्यक्रम तुम्ही ऐकला असेल, तर ड्रमच्या शेजारी, जरा मागे, लांब मानेची चार तारांची गिटार घेऊन उभा असलेला वादक आठवतो का पाहा. बहुधा आठवणार नाही. गाणारी लक्षात राहते, बासरीवाला लक्षात राहतो. बास गिटार वाजवणारा थांबला, तरच काहीतरी हरवल्याचे श्रोत्यांना जाणवते. नोकरी सांभाळून मी बरीच वर्षे त्या जागी उभा राहिलो आहे आणि त्या जागेविषयी माझी तक्रार नाही. ऐकू न येण्याविषयी मात्र आहे.

आपल्या गावात ही अडचण ढोलामुळे वाढते. नाशिक ढोलाची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. केरळातसुद्धा हे वाद्य आपल्या गावाच्याच नावाने ओळखतात. लोकगीतांच्या सत्रात तो रंगमंचावर आला, की त्याचा घुमारा आणि बासचा खर्ज एकाच खोल प्रदेशात एकमेकांना भिडतात. बासच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा असतो. मंडपातल्या साध्या स्पीकरला तो धड काढताही येत नाही. आवाज वाढवावा, तर स्पीकर कण्हतो आणि स्वर होता तेथेच राहतो.

उपाय आहे तो स्वर मुद्दाम खरखरीत करण्याचा. हे ऐकून तुम्ही चमकाल. जे ऐकू येत नाही ते आणखी बिघडवून कसे ऐकू येईल? जुन्या दूरध्वनीचे उदाहरण घेऊ. त्याच्या तारेतून सेकंदाला साधारण ३०० पेक्षा कमी कंपनांचे ध्वनी जवळजवळ जातच नसत. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर त्याहून बराच खालचा. तरीही पलीकडून बोलणारे वडील वडिलांसारखेच वाटत. कान वरच्या उपस्वरांची रांग ऐकतो आणि तिच्यावरून खालचा मूळ स्वर ताडून घेतो. बासचा स्वर एका ठरावीक उंचीवर छाटला, की त्याच्या लाटेचे गोल माथे सपाट होतात आणि त्यातून नवे उपस्वर निघतात: १२४, २०६ आणि पुढचे. ते ढोलाच्या घुमाऱ्याच्या वर उठतात, लहान स्पीकरमधूनही निघतात आणि श्रोत्याच्या कानात खर्ज उभा करतात. या छाटणीलाच डिस्टॉर्शन म्हणतात. ती करणारी, पायाने चालूबंद करायची डबी म्हणजे पेडल.

ही युक्ती आपल्याला परकी वाटू नये. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात पंचवटीत राहत होते. त्याच मिरजेतील तंबोऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या काय करत आले आहेत? घोडीचा माथा किंचित बाकदार घासून तार तिला पुसटशी चाटून जाईल अशी जवारी ते काढतात आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवून झंकार नेमका उमलतो ती जागा शोधतात. खर्जाची तार स्वच्छ वाजली असती, तर ती इतकी भरून आली नसती. जवारी आणि डायोडची छाटणी या भौतिकदृष्ट्या वेगळ्या क्रिया आहेत, हे मला मान्य आहे. कानाची मागणी मात्र एकच आहे.

पाश्चात्त्य संगीतात ही खरखर अपघाताने आली, आणि तीही खर्जाच्याच वाद्यातून. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मधील ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांनी सहा तारांच्या बास गिटारवर तुकडा वाजवला. ध्वनिमिश्रकातील ट्रान्सफॉर्मर बिघडल्याने तो गुरगुरत उमटला आणि तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम घडवणारे मंडल तयार केले. १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. पुढे गिटारवाल्यांनी ते उचलले आणि बास पुन्हा मागे पडला.

म्हणूनच पेडल निवडताना सावध राहावे लागते. गिटारसाठी केलेल्या अनेक पेडलांत खालच्या स्वरांना मुद्दाम कमी वाव दिलेला असतो. ‘ट्यूब स्क्रीमर’ या प्रसिद्ध पेडलात ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टन्स आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (रेडिओ दुरुस्त करणारे जुने लोक अजून कंडेन्सरच म्हणतात) मिळून सुमारे ७२० कंपनांवर सीमा आखतात. तिच्या खाली स्वर जसजसा उतरतो, तसतशी त्याला मिळणारी वाढ घटत जाते. गिटारला हे शोभते. बासचा पायाच त्यामुळे दुबळा पडतो. कपॅसिटर बदलून १ मायक्रोफॅरडचा बसवला, की ती सीमा ३४ कंपनांपर्यंत उतरते. एवढ्याशा बदलाने पेडल बासचे होते, निदान अर्धे तरी.

उरलेले अर्धे काम मिश्रणाचे. खरखरीबरोबर मूळ, न छाटलेला स्वरही बाहेर आला पाहिजे. बॉस कंपनीच्या ‘ओडीबी-३’ या बासच्या पेडलावर त्यासाठी ‘बॅलन्स’ नावाचा स्वतंत्र नॉब आहे. दुकानात पेडल पाहताना मी आधी अशा नॉबचा शोध घेतो; तो नसेल, तर रंग आणि नाव कितीही भारदस्त असले तरी पेडल परत ठेवतो. आणखी एक. घरी एकट्याने वाजवताना जो आवाज भव्य वाटतो, तो वाद्यवृंदात विरघळतो. एकट्याने ऐकताना थोडा रुक्ष वाटणारा तेथे चपखल बसतो. निर्णय सरावाच्या खोलीत, ढोलवाला शेजारी असताना घ्यावा.

स्वतः पेडल बांधणे फारसे अवघड नाही. टीएल०७२ ही आठ पायांची आयसी, दोन-चार डायोड, मूठभर रेझिस्टन्स आणि सोल्डरिंगसाठी दोन शांत रात्री एवढे पुरते. साधे सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टवर छाटू लागतात, तांबडे एलईडी १.८ च्या आसपास. मला बाससाठी एलईडी आवडतात. बोटाचा हलका-जड आघात त्यांत शिल्लक राहतो. डबी धातूचीच हवी आणि तिला अर्थिंग जोडलेले हवे, नाहीतर विजेच्या दिव्यांची गुणगुण स्वरात शिरते.

डबी बंद करण्यापूर्वी मिश्रणाचा नॉब मध्यावर आणून जाड तार छेडा. स्वर भरण्याऐवजी पोकळ झाला, तर दोन्ही वाटा उलट्या दिशांनी येत आहेत असे समजावे: एकीची लाट वर जाते तेव्हा दुसरीची खाली, आणि खर्ज परस्परांत खपतो. अशा वेळी एका वाटेत लाट उलटवणारी एक पायरी वाढवावी. आणि कार्यक्रम आटोपल्यावर गिटारकडून येणारी वायर पेडलातून काढून ठेवावी. बहुतेक पेडलांत ती खोचलेली राहिली, तर दिवा विझलेला असूनही ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर झिजत राहते.