तारणाविना दिलेली पत

बाजारात पत दोन मार्गांनी मिळते: घराण्याच्या नावावर, किंवा स्वतःच्या व्यवहारावर. पेढीवर नव्याने बसलेल्या तरुणाला पहिली काही वर्षे आजोबांच्या नावावर माल उधार मिळतो. पुढे हुंड्या वेळेवर वटत गेल्या, की त्याचे स्वतःचे नाव चालू लागते. पण ज्याच्या पाठीशी घराणे नाही, ज्याच्या खतावणीत अजून जमा काही नाही आणि ज्याच्याजवळ माल म्हणून केवळ एक न सुटलेला प्रश्न आहे, अशा माणसाला पत कोणी द्यावी? विज्ञानाच्या क्षेत्रात प्रत्येक तरुण संशोधक याच स्थितीतून जातो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने या अडचणीवर जो उपाय योजला, तो व्यवहार जाणणाऱ्या माणसाने समजून घेण्याजोगा आहे.

या विभागाने २०१० पासून तरुण संशोधकांसाठी वार्षिक पुरस्कारांची योजना चालविली असून, अणुकेंद्रीय भौतिकी हा तिच्यातील एक प्रमुख विषय आहे. ‘पुरस्कार’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाल, श्रीफळ आणि सत्कार उभा राहतो. केलेल्या कार्याचा तो गौरव असतो. येथे मात्र व्हावयाच्या कार्यासाठी दिलेले ते अर्थसाहाय्य असते. रक्कम संशोधकाच्या खिशात जात नाही. तिच्यातून विद्यार्थ्यांचे विद्यावेतन, साहाय्यकांचा पगार, उपकरणे आणि प्रवास यांचा खर्च भागतो, आणि संस्थाही आपला व्यवस्थापन खर्च वळता करून घेते. योजनेच्या आरंभी विद्यापीठातील संशोधकास वर्षाला किमान दीड लाख डॉलर आणि राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकास किमान पाच लाख डॉलर, असे पाच वर्षांपर्यंत देण्याचे ठरले. दोन आकड्यांतील तफावत पक्षपाताची नव्हे. प्राध्यापकाच्या पगाराचा मोठा भाग विद्यापीठ देते, तर प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाचा पगार याच रकमेतून निघतो.

तारण नाही, परतफेड नाही, व्याज नाही. मग सावधगिरी कोठे? ती सारी उंबरठ्यावर आहे. डॉक्टरेट मिळून फार वर्षे लोटलेली नसावीत, ही पहिली अट; आरंभी ही मर्यादा दहा वर्षांची होती. विद्यापीठातील अर्जदाराची नेमणूक अद्याप कायम झालेली नसावी, ही दुसरी. एका व्यक्तीला तीनच वेळा अर्ज करता येतो. त्याच विषयातील जाणकार प्रस्ताव तपासतात: प्रश्न महत्त्वाचा आहे काय, पद्धत योग्य आहे काय, हे काम या माणसाच्या हातून होईल काय. पहिल्या वर्षी सुमारे १,७५० अर्ज आले आणि त्यांतून ६९ जण निवडले गेले. म्हणजे शंभरांतील चार. या ६९ जागा विज्ञानाच्या अनेक शाखांत विभागल्या गेल्या, तेव्हा अणुकेंद्रीय भौतिकीच्या वाट्याला मोजक्याच आल्या.

या देण्यातील खरे मोल रकमेपेक्षा मुदतीत आहे. तिशीतल्या संशोधकाची स्थिती पाहावी. कायम नेमणुकीचा निर्णय पाच-सहा वर्षांवर आलेला, संसार नुकताच मांडलेला, हाताखाली विद्यार्थी घ्यायचे तर त्यांच्या विद्यावेतनाची तजवीज आपणच करावयाची. अशा वेळी माणूस सहज सुटणारे लहान प्रश्न निवडतो, कारण त्यांची उत्तरे लवकर छापून येतात. पाच वर्षांची निश्चिंती मिळाली, तरच तो अवघड प्रश्नाला हात घालण्याचे धाडस करतो.

आणि या शास्त्रातील प्रश्न अवघडच असतात. अणू म्हणताच बॉम्ब आणि वीजभट्टी आठवते, परंतु या संशोधनाचा मोठा भाग त्यांच्याशी संबंधित नाही. सराफाच्या काट्यावर तोलले जाणारे सोने मुळात कोठे घडले, हा याच शास्त्राचा प्रश्न आहे. पृथ्वीने ते निर्माण केलेले नाही. आपल्या सूर्यालाही ते साधत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या आणि पाठोपाठ तिचा प्रकाशही दिसला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा धडकेत घडतात, याचा सबळ पुरावा त्यातून मिळाला. परंतु ती नेमकी कोणत्या पायऱ्यांनी घडतात, हे जाणण्यासाठी क्षणार्धात विरणारी अणुकेंद्रे प्रयोगशाळेत निर्माण करून तपासावी लागतात. त्यासाठी मिशिगन राज्य विद्यापीठात ७३ कोटी डॉलर खर्चून उभारलेले केंद्र मे २०२२ मध्ये सुरू झाले. तेथे जड अणुकेंद्रांना प्रकाशाच्या सुमारे निम्म्या वेगाने लक्ष्यावर आदळविले जाते. एवढा खर्च कोणतीही पेढी करणार नाही. म्हणून यंत्र सरकारचे, आणि ते वापरणारे तरुण हात घडविण्याची जबाबदारीही सरकारचीच.

यातून मिळकत काय, हा व्यापाऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या इतिहासात सापडते. १९५० च्या दशकात तेथील संशोधकांनी टेक्नेशियम-९९एम हे अल्पायुषी किरणोत्सारी द्रव्य हवे तेव्हा मिळविण्याची युक्ती शोधली. तिचे पेटंट घेण्याची सूचना आली तेव्हा, या द्रव्याचा उपयोग बहुधा प्रयोगशाळेतील प्रयोगांपुरताच राहील, असे कारण देऊन सरकारी यंत्रणेने नकार दिला. आज हाडे, हृदय आणि थायरॉइड यांच्या तपासण्यांत हेच द्रव्य वापरले जाते, आणि जगभर दरवर्षी अशा कोट्यवधी तपासण्या होतात. पैसा देणाऱ्याला स्वतःलाच लाभ दिसला नव्हता. तरीही लाभ झाला.

आपल्या देशातही या शास्त्राचा पाया अशाच विश्वासावर घातला गेला, आणि तो विश्वास प्रथम उद्योजकांनी दाखविला. मार्च १९४४ मध्ये चौतीस वर्षांच्या होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. केंब्रिजहून परतलेल्या विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांच्या गिरणीमालक घराण्याचे पाठबळ त्या कार्यामागे उभे राहिले. पुढे हेच साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

तथापि या दोघांना नाव आणि घराणे होते. सरकारी योजनेचे महत्त्व हे, की ती नसलेल्यालाही दार उघडते. आणि तिचा धोकाही येथेच आहे. भावी कर्तृत्वाचा अंदाज बांधताना परीक्षकाची नजर नकळत नामांकित गुरू आणि नामांकित प्रयोगशाळा यांच्याकडे वळू शकते. तसे झाले, तर पुढच्या दाराने घालविलेले घराणे मागच्या दाराने परत येते. पहिल्या वर्षी शंभरांतील शहाण्णवांना नकार देणाऱ्या व्यवस्थेने हा हिशेब दरवर्षी तपासून पाहिला पाहिजे, कारण नाकारलेल्यांतही उद्याचा एखादा मोठा शोध दडलेला असू शकतो आणि तीन संधी सरल्यावर तो संशोधक हा मार्ग कायमचा गमावतो.

बँकेच्या वहीत वसूल न झालेले कर्ज बुडीत खात्यात जाते. विज्ञानाच्या वहीची रीत निराळी आहे. पाच वर्षांच्या परिश्रमानंतर ‘असे घडत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तरी ते प्रामाणिकपणे नोंदविले असेल तर जमेच्या बाजूलाच धरले जाते. पुढच्या संशोधकाचा तेवढा काळ वाचतो. दुकानाऐवजी प्रयोगशाळेची वाट धरलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘कमाई कधी?’ असे घरात विचारले जाते, तेव्हा ही रीत ध्यानात असावी. सरकार एका अनोळखी तरुणाला पाच वर्षांची मुदत देऊ शकते. ज्या घराने मुलाला अंगाखांद्यावर वाढविले, त्या घराने त्याहून थोडी अधिक द्यावयास हरकत नाही.