यादीत नाव हाये काय?

"अबे, पेट्रोल भेटते, टी-शर्ट भेटते, रातच्याले जेवन बी. चाल ना बे!"

एप्रिल २०२४. लोकसभेचा प्रचार जोरात, माझं सेकंड इयरचं सबमिशन डोक्यावर, आणि रूममेट बाईक रॅलीचं आमंत्रण घेऊन आलेला. मेसच्या पातळ वरणाला कंटाळलेला जीव... गेलो! राजकमल चौकात घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. खरं सांगू? उमेदवाराचं एकही भाषण ऐकलं नव्हतं.

२६ एप्रिलला अमरावती-अकोला दोन्हीकडे मतदान. बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला घरी गेलो. केंद्राबाहेर टेबल टाकून एका पक्षाचे म्हातारे काका चिठ्ठ्या देत होते. आई-बाबांच्या निघाल्या, माझी निघेना.

"यादीत नाव हाये काय, बाप्पा? सहा नंबरचा फॉर्म भरला होता काय?"

मी गप्प. चूक माझीच होती. पण महिनाभरात मला कोणी विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न!

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं १९८९ साली. तेव्हापासून पस्तीसहून जास्त वर्षं झाली, तरी पक्षांना आमच्यात मतदार कमी आणि गर्दीच जास्त दिसते. कॉलेजातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकातच बंद झाल्या, त्यामुळे राजकारणाशी आमची पहिली ओळख होते ती फुकटच्या टी-शर्टमधून.

म्हणून पक्षवाल्यांना एकच विनंती. होस्टेलवर जरूर या, पण टाकी भरण्याऐवजी फॉर्म भरून घ्या. होस्टेलच्या पत्त्यावरही नाव नोंदवता येतं, सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. भाषण दहा मिनिटं, प्रश्न तासभर. इंजिनीअर झाल्यावर पुण्याचीच गाडी का पकडावी लागते, हे आम्हाला विचारू द्या. आणि एकविसाव्या वर्षी नगरसेवकपदाला उभं राहता येतं, मग आम्ही फक्त सतरंज्याच उचलायच्या काय?

सुट्टीत घरी जाऊन फॉर्म भरला. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेसाठी पहिलं मत दिलं. टेबलावर तेच काका! चिठ्ठी देत म्हणाले, "निकाल लागल्यावर ये. नोकरीचं काय म्हणतेस ते बोलू."

त्यांचा पक्ष सांगत नाही. मी त्यांना मत दिलं की नाही, तेही सांगत नाही. पण निकालानंतर गेलो होतो... आणि काकांनी चहा पाजून तासभर ऐकलं, बाप्पा!