बसऱ्याला गेलेले दोघे

29 एप्रिल. 1916 साली, पहिल्या महायुद्धात, याच दिवशी इराकमधल्या कुत-अल-अमारात वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली. त्याच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. पणजोबांचे दोघे धाकटे भाऊ त्यांतच असावेत, असा माझा कयास. घरात त्यांच्याबद्दल उरलंय ते एवढंच, की ‘बसऱ्याला गेले.’

बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण दगडावर नावं कोरली ती ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. हे वाचलं तेव्हा संताप आला, आजही येतो. शिपायांची नावं शोधायची ती कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदवहीत. तिथे आडनाव बऱ्याचदा नसतंच, आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेलं. म्हणून मी बापाचं नाव आणि तालुका धरून शोधत गेले. दोन वेगळ्या पलटणींतल्या दोन नोंदी, पण बाप एक, गाव एक. तेच हे दोघे!

थोरल्याच्या मृत्यूची तारीख वेढ्यातली. धाकट्याची मात्र शरणागतीनंतर कित्येक महिन्यांची, म्हणजे तो कैदी झाला होता. त्या कैद्यांना वाळवंटातून बगदाद, मोसुलकडे पायी नेलं. अनेकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. तोवर आपला भाऊ गेला हे त्याला ठाऊक असेल का? वेढ्यात दोघांची गाठ पडली असेल, असं मला फार वाटतं. आत्याला उद्या दोन्ही नावं वाचून दाखवायची आहेत.