नानांच्या डबीतली पिन

अहिल्यानगर,
१३ जुलै २०२५

चि. पिंटूस,


व्हिडिओवर तुझी गाडी पाहिली. आजीनं मोबाइल नाकाला लावून दोनदा पाहिली आणि विचारलं, "छप्पर कधी बसवणार?" मी म्हटलं, स्पिटफायर आहे, ती अशीच असते. "मग घेतली कशाला," एवढं बोलून ती गवार निवडायला गेली.

तू म्हणालास, रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं, पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही आणि तिथला मिस्त्री गिअरबॉक्स उतरवून सगळा क्लच सेट बदलायचा म्हणतोय. त्याला आठ दिवस थांबव. तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या नानांच्या टेबलावर ती पितळी डबी असायची, आठवते? तिच्यातली झिजकी पिन काढून तू गोट्यांत खेळायचास आणि नाना ओरडायचे. नानांनी तसल्या भंगाराला डबीत का ठेवलं, हे तुला कोणी सांगितलंच नाही.

त्यासाठी आपल्या हेराल्ड गाडीची गोष्ट सांगायला हवी. ती तुझ्या जन्माआधीच विकली गेली. पण तुझी गाडी तिची सख्खी बहीण आहे. स्टँडर्ड कंपनी मूळची तुझ्याच कॉव्हेंट्रीची, १९०३ सालची. तिथं १९५९ मध्ये ट्रायम्फ हेराल्ड निघाली. पुढे तिचीच चासी आखूड करून त्यावर १९६२ मध्ये स्पिटफायर बसवली. दोन्हींचं रूप मिकेलोत्ती या इटालियन माणसानं काढलेलं. आपल्याकडे मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून तीच हेराल्ड 'स्टँडर्ड' नावानं बनायला लागली. ट्रायम्फ हे नाव इकडे आलंच नाही. अख्खं बॉनेट नाकासकट पुढे उलटायचं, त्यामुळे नानांनी ते उघडलं की गल्लीतली पोरं गोळा व्हायची.

तर १९८३ चा वैशाख. औरंगाबादला लग्न उरकून आम्ही परत येत होतो. पांढरीपूल सोडला, इमामपूरचा घाट लागला आणि उसाच्या रिकाम्या ट्रकमागे गाडी थांबवावी लागली. मग गिअर पडेचना. कर्र, कर्र. मागून हॉर्न. नानांनी इंजिन बंद केलं, बंद गाडीत पहिला गिअर टाकला आणि तशीच सेल्फ मारली. आचका देऊन गाडी निघाली. वरचे गिअर त्यांनी क्लच न दाबता, नुसत्या आवाजाच्या अंदाजानं टाकले. शेंडी गावापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

पुढचे दोन महिने मात्र गाडी एका गॅरेजमध्येच राहिली. नाव लिहीत नाही, चालवणारे हयात नाहीत. त्यांनी गिअरबॉक्स तीनदा उतरवला. आधी क्लच प्लेट, मग प्रेशर प्लेट, मग रिलीज बेअरिंग. दर वेळी गाडी चार दिवस बरी चालायची, कारण हवा काढून सगळं नव्यानं जुळवलेलं असायचं, आणि पुन्हा तेच. नानांचा पगार त्यात गेला. मी तेव्हा नुकताच लूनाच्या कारखान्यात लागलो होतो. लूनाला क्लचचा खटकाच नाही, वेग वाढला की आतले तुकडे बाहेर फेकले जाऊन आपोआप धरतात. हे मी एकदा ऐटीत सांगितलं, तर नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी एका रविवारी त्यांनी गाडी अंगणात घेतली आणि स्वतः खाली शिरले. पेडल दाबायला आजीला बसवलं. नऊवारी सावरून ती बसली, नाना खालून "दाब", "सोड" ओरडत होते. पाच-सहा वेळा दाबून ती म्हणाली, "अहो, पाय दोन बोटं नुसताच जातोय. मग कुठं काहीतरी लागतंय." नाना म्हणाले, तेवढं असतंच. तर म्हणाली, "असतं तेवढं नाही हे. जात्याचा खुंटा ढिला झाला की आधी हात फिरतो, दगड मागनं येतो. तसं होतंय."

नाना खालून बाहेर आले. बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पेडल जिथं मास्टर सिलिंडरच्या दांडीला जोडतात तिथं ही पिन. बोटानं हलवली तर खडखडली. काढली तर एका बाजूनं अशी खाल्लेली, की वरून अमावास्येनंतरच्या चंद्रासारखी दिसावी. पेडलचं भोकही गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं झालं होतं. दिल्लीगेटच्या लेथवाल्यानं नवी पिन कातून दिली आणि भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडलं. त्यानंतर गाडी विकेपर्यंत क्लचला कोणी हात लावला नाही.

एवढ्याशा झिजेनं एवढं कसं होतं, असं तू विचारशील. प्लेट सुटायला जेमतेम एक-दीड मिलिमीटर फट लागते. तेवढ्यासाठी पायाची सगळी चाल दांडी, मास्टर, नळी, स्लेव्ह सिलिंडर, फोर्क या वाटेनं जाते आणि वाटेत जो तो आपला वाटा काढून घेतो. पिन थोडी, भोकं थोडी, नळीत हवेचा बुडबुडा थोडा. शेवटी प्लेटपर्यंत पोचतच नाही.

तेव्हा तू असं कर. आधी क्लच घसरतोय की सुटत नाहीये ते ठरव. चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला रेस दाबून इंजिन ओरडलं आणि गाडी वेग धरेना, तर घसरतोय, मग प्लेटकडे बघावं लागेल. तुझं तसं वाटत नाही. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाब, दहा आकडे मोज आणि मग रिव्हर्स टाक. तरी कर्र वाजलं तर क्लच सुटत नाहीये. दोन-तीनदा भराभर दाबून मग बरा पडला, तर हवा शिरलीय किंवा मास्टरचं रबर गेलंय. पायाशी गालिचा ओला आहे का, रंग सुटलाय का, बघ. ब्रेक ऑइल रंग खातं. रबरी नळी जुनी असेल तर दाब देताना कोणाला तरी ती बोटांत धरायला सांग, फुगते का.

मग गाडीच्या आतून, मधलं कव्हर काढून, स्लेव्हची दांडी किती सरकते ते मोज. तुझ्या गाडीत गिअरबॉक्सही तिथूनच आत निघतो, हे त्या इंग्रजांचं मला फार आवडतं. दांडी अर्ध्या इंचाच्या आसपास सरकायला हवी. नेमका आकडा पुस्तकात बघ. कमी भरली तर दोष बाहेरच आहे. पुरेशी सरकूनही क्लच सुटत नसेल, तर मग मिस्त्रीचं ऐक.

एक मात्र आजच बघ. बॉनेट उलटव, इंजिन बंद ठेव, कोणाला तरी पेडल दाबायला सांग आणि पुढच्या पुलीकडे नजर लाव. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर गाडी चालवूच नकोस. या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धगोल वायसर असतात. क्लच दाबला की सगळा जोर त्यांच्यावर. ते झिजून खाली ऑइलमध्ये पडले की क्रँक गेलाच. म्हणून सिग्नलला क्लच दाबून बसायचं नाही, न्यूट्रल करायचं. नाना आम्हाला यासाठी ओरडायचे तेव्हा आम्हाला तो कंजूषपणा वाटायचा.

मेतकूट आणि शेवयांच्या पुड्याबरोबर पिन पाठवतोय, कागदात गुंडाळून. नवीन पिन घेशील तेव्हा शेजारी ठेवून बघ. पेडल दाबायला कोणाला बसवणार ते कळव, आजी दोनदा विचारून गेली.

तुझा
काका