पंप कुठे बसवायचा?

पंप कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर आपल्याकडे तासभर चर्चा होते. तो बसवायचा कुठे, हे मात्र ‘प्लग पॉइंट जिथे असेल तिथे’ एवढ्यावर ठरतं!

पेणला आमच्या गच्चीवरच्या सोलरला पंप नाहीच. खाली काचेच्या नळ्या, वर टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी खाली उतरतं. विजेशिवाय दिवसभर फेरा चालू.

रोह्याला आत्या गच्चीच्या लगेच खाली राहते. पाण्याला दहा मीटर उंची मिळाली तर कुठे एक बार दाब येतो; तिथे जेमतेम दोन मीटर. म्हणून प्लंबरने प्रेशर पंप लावला, तोही फक्त थंड पाण्याच्या लाइनवर. झालं! मिक्सर उघडला की थंड पाणी गरमाच्या पाइपात उलटं शिरायचं. सत्तरीची आत्या जानेवारीच्या पहाटे कुडकुडत उभी.

मग सल्ले सुरू. पंप नुसत्या गरमाच्या लाइनवर हलवला तर उलटा धोका: साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. सोलरच्या आधी लावला तर त्याहून वाईट. अशा साध्या टाकीला वर उघडी हवेची नळी असते. दाब चढला की पाणी तिथून उसळणार, टाकीही फुगू शकते.

शेवटी दोन पंप लावले, दोन्ही लाइनींना सारखा दाब मिळेल असे. गरमाचा पंप उष्णता सोसणारा, सोलरच्या टाकीनंतर आणि तिच्याहून खाली. कारण पंप ढकलतो छान, ओढतो वाईट. त्यातून गरम पाणी ओढायला लावलं तर आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप खराब होतो.

थंड देशांत घर उबदार ठेवायला गरम पाणी पाइपांतून फिरवतात. तिथेही हाच प्रश्न. पाणी तापून फुगतं, ती वाढ सामावायला एक टाकी असते. ती जिथे जोडलेली असते तिथला दाब पंप चालू झाला तरी बदलत नाही. म्हणून पंप तिच्या पुढे, पाणी तिच्यापासून दूर ढकलणारा हवा. उलटा लावला तर ओढीच्या बाजूचा दाब घटतो आणि हवा शिरू शकते.

तेव्हा प्लंबरला एवढंच विचारा, “इथे पंप लावला तर दाब कुठे वाढेल, कुठे कमी होईल?” उत्तर आलं नाही, तर भिंतीला भोक पाडू देऊ नका.

आत्याला यातलं काही ऐकायचं नव्हतं. म्हणाली, “दोन लाव नाहीतर चार लाव, मला पहाटे ऊन पाणी मिळू दे म्हणजे झालं.”