मला ओळखलंत का?



25 मार्च 2020 पासून देश बंद झाला आणि आपल्या चर्चची दारेही मिटली. धर्मग्रामातील वृद्धांना फोन करण्याची सेवा माझ्याकडे आली. त्यांत स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी होत्या. वेदीची वस्त्रे धुऊन, इस्त्री करून घडी घालण्यात त्यांची हयात गेली होती. आता दर रविवारी त्या साडी नेसून दाराशी उभ्या राहत आणि "मिस्सा चुकेल" म्हणून सुनेवर चिडत. मी फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "आजी, मला ओळखलंत का?" पलीकडे शांतता.

त्याच वेळी आपल्यातलीच एक मुलगी व्यवसायोपचाराचे शिक्षण घेताना घरी अडकली होती. या अभ्यासक्रमात जागतिक निकषानुसार किमान 1,000 तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. पण तिचे रुग्णालयात जाणे थांबले होते. तिच्या शिक्षिकेने मार्ग काढला. आजींच्या घरच्यांच्या संमतीने व्हिडिओ कॉलवर काम करायचे, शिक्षिका सोबत ऐकणार. मला वाटले, फोनवरून कसला उपचार?

आजी काय विसरल्या, हे तिने विचारलेच नाही. सुनेला म्हणाली, "त्यांच्या हातांना काय येतं?" नावे, प्रसंग पुसले तरी हातांची सवय पुष्कळदा मागे उरते. मग रविवारी मिस्सेच्या वेळी टेबलावर पांढरी कापडे येऊ लागली. एका वेळी एकच छोटी सूचना, घाई नाही. आजी घड्या घालत, मग मोबाईलवर मिस्सा पाहत. दाराकडची धाव कमी झाली. न्हाणीघराच्या दारावर चित्र लागले. उंबऱ्याजवळचे काळे पायपुसणे निघाले. आजींना तिथे खड्डा दिसत असे. सुनेसाठीही रोज अर्धा तास विसावा ठरला. ती मला म्हणाली, "तुम्हाला झोप मिळते का, असं पहिल्यांदाच कुणी विचारलं."

मी खजील झालो. दर आठवड्याला फोन करूनही हे मला सुचले नव्हते, आणि आजींना मात्र मी दर वेळी परीक्षेला बसवत होतो. मुलगी हळूच म्हणाली, "अंकल, आधी तुमचं नाव सांगा ना."

यशयाच्या 49व्या अध्यायात देव सांगतो की, आई एकवेळ लेकराला विसरेल, पण तो आपल्याला विसरणार नाही. आपण त्याच्या स्मरणात आहोत, हाच आपला आधार.

पुढच्या वर्षी आजी प्रभूकडे गेल्या. माझे नाव त्यांना शेवटपर्यंत आठवले नाही. पण मी नाव सांगितले की त्या विचारायच्या, "जेवलास का?"

तुमच्या ओळखीत असे कुणी असेल, तर या रविवारी त्यांना भेटा. आधी आपले नाव सांगा. आणि त्यांना सांभाळणाऱ्यालाही विचारा, "झोप होते का?"