पुढचा रोल नंबर

आमची मैत्री हजेरीपटाने जुळवली. 1980 साली पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात माझा रोल नंबर सत्तेचाळीस, तिचा अठ्ठेचाळीस. डिसेक्शनची टेबलं नंबरवार वाटली गेली आणि एकाच देहाच्या उजव्या हाताशी आम्ही दोघी उभ्या राहिलो. फॉर्मेलिनने डोळ्यांना धारा लागलेल्या. एकीने कनिंगहॅम मोठ्याने वाचायचं, दुसरीने चिमट्याने चरबी बाजूला करत नर्व्ह शोधायची. सापडली नाही की आधी एकमेकींकडे बघायचं, मग सरांकडे. पुढे व्हायवा आल्या, वॉर्ड आले, ससूनच्या कॅज्युअल्टीतल्या रात्री आल्या आणि गेल्या. ते एकमेकींकडे बघणं मात्र राहिलं. आजही ती मला 'सत्तेचाळीस' अशीच हाक मारते.

डॉक्टर होताना एक गोष्ट न शिकवता अंगवळणी पडते, ती म्हणजे मनातलं चेहऱ्यावर येऊ न देणं. नातेवाईक आपल्या डोळ्यांत रिपोर्ट वाचत असतात, त्यांच्यासमोर गोंधळून चालत नाही. राउंडवर वरिष्ठांसमोर अडखळलं तर सगळ्यांदेखत शोभा होते. घरच्यांना तर आपल्याला सगळं येतं अशी खात्रीच असते. मग 'मला कळत नाहीये' हे म्हणायचं कुणापाशी?

मला ते म्हणावं लागलं 1986 च्या भातकापणीत. इंटर्नशिप संपवून मी कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले होते. भाताच्या पेंढ्या उचलताना लाल विंचू चावलेला सात वर्षांचा मुलगा संध्याकाळी आणला. घामाने निथळत होता, हातपाय गार पडले होते, नाडी धावत होती. मला जे माहीत होतं ते सगळं दिलं. पहाटे त्याला धाप लागली, तोंडाशी गुलाबी फेस आला आणि तो गेला. त्याच्या आईने मला बोल लावला नाही. 'रातभर बसलात तुम्ही,' एवढंच म्हणाली. ते मला जास्त लागलं.

दुपारी आंतर्देशीय पत्र घेऊन बसले. घरी नाही, तालुक्याच्या साहेबांनाही नाही, अठ्ठेचाळीसला लिहिलं. ती तेव्हा मेडिसिनला रेसिडेंट होती. नाडी, रक्तदाब, वेळा, औषधं असं सगळं क्रमाने लिहिलं आणि शेवटी विचारलं, 'माझं कुठे चुकलं?'

आठवड्याने उत्तर आलं. 'तुझं चुकलं असेल तर आपल्या पुस्तकांचंही चुकलं आहे,' अशी सुरुवात होती. पुढे सगळी कामाची माहिती. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण कितीतरी वर्षं पाहत होते आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लेखन आलं होतं. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रिनलिनसारखे स्राव उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या दाबाशी झुंजून थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. त्यावर ते रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी देत होते. तिने लायब्ररीत बसून डोस, वेळा, सगळं माझ्यासाठी उतरवून काढलं होतं. शेवटच्या वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती : 'गोळी दिल्यावर मुलाला उचलून उभं करू देऊ नकोस, दाब एकदम उतरतो.'

महाड माझ्यापासून फार लांब नव्हतं. पण ते ज्ञान माझ्यापर्यंत पुण्याहून फिरून, मैत्रिणीच्या अक्षरात आलं.

पुढच्या मोसमात तशीच एक मुलगी आली. गोळी दिली, आडवी निजवली. रात्री तीनच्या सुमारास तिची पावलं हाताला कोमट लागली. खात्री पटेना म्हणून मी पुन्हा पुन्हा हात लावून बघत होते. सकाळी पोस्टात जाऊन अठ्ठेचाळीसला कार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द, 'वाचली.'

आता आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी सुविचार येतात, नातवंडांचे फोटो येतात. मध्येच रात्री कुठल्याशा तालुक्याच्या गावातून एखादा ईसीजी येतो, खाली 'काय वाटतं?' एवढंच, आणि कुणीतरी जागं असतंच. 2020 मध्ये तर तो ग्रुप रात्र-रात्र जागा असे. त्या आजाराबद्दल कुणालाच पुरेसं माहीत नव्हतं आणि तसं सांगायची कुणाला लाजही वाटत नव्हती. बॅचमेट जुन्या आठवणींसाठी एकमेकांना धरून राहतात असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ज्यांनी आपल्याला काहीच येत नसताना पाहिलेलं असतं, त्यांच्यापुढेच आपण पुन्हा काही न येणारे होऊ शकतो. म्हणून ही माणसं जपायची.

गेल्या मार्गशीर्षात रात्री उशिरा तिचा फोन आला. पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवून निवृत्त झालेली ती. 'सत्तेचाळीस, एक रिपोर्ट पाठवलाय. बघ जरा.'

बायॉप्सीचा होता. वर नाव तिचंच. थर्ड इयरच्या पोरालाही समजावं इतका स्पष्ट.

'तू वाचलास ना गं?' मी विचारलं.

'चारदा वाचला,' ती म्हणाली. 'मला कळत नाहीये.'

'थांब,' मी म्हटलं. चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीपासून, सावकाश, मोठ्याने वाचायला लागले.